लोणारचा खार

[दृश्य : सकाळची वेळ. विवराच्या कडेवरून दिसणारे लोणार सरोवर. त्यानंतर काठावर उतरलेला कॅमेरा आणि हातात धरलेली कागदाची पिवळी पट्टी.]

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या एका विवराच्या तळाशी, हिरवट पाण्याचे सरोवर आहे. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये हे विवर पडले आणि पुढे त्यात पाणी साठले. आपल्या हातात हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची साधी पट्टी आहे. ती या सरोवरात बुडवताच तांबडी होते. तशीच दुसरी पट्टी याच विवराच्या उतारावरून अखंड पडणाऱ्या ‘धार’ नावाच्या झऱ्याखाली धरली, तर ती पिवळीच राहते. झऱ्याचे पाणी गोडे आहे, पावसाचे पाणी तर त्याहूनही शुद्ध, आणि ही दोन्ही पाणी या सरोवरात येऊन मिळतात. तरीही सरोवराचे पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, आहे. गोड्या पाण्याचे येथे असे काय होते, हा आपल्या माहितीपटाचा प्रश्न आहे.

हळदीचा हा गुण महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते, डाग पिवळा दिसतो, आणि त्यावर साबण चोळताच तो लालभडक होतो. डाग वाढला असे वाटून आपण दचकतो, परंतु डाग तेवढाच असतो. बदललेला असतो तो केवळ हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याचा रेणू. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते आणि ते कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, काढून घेते. आयन गेला की रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, त्यामुळे तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतो, आणि पिवळ्याचा तांबडा होतो. त्याच डागावर लिंबू पिळले तर लिंबातील आम्ल तो आयन परत देते आणि डाग पुन्हा पिवळा होतो. अशा पदार्थांना रसायनशास्त्रात दर्शक म्हणतात. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या अर्काचे असे रंगबदल नोंदवून आम्ल आणि अल्क ओळखण्याची रीत घालून दिली; लिटमस हा याच कुळातला, दगडफुलातून मिळणारा रंग आहे.

[दृश्य : स्वयंपाकघर. पापडाचे पीठ, पापडखाराची पुडी. मग शाळेचा फळा आणि त्यावर लिहिलेले शब्द.]

पुढे जाण्यापूर्वी आपल्या भाषेतील एक घोळ सोडवून घेणे आवश्यक आहे, कारण अनेक विद्यार्थी येथेच अडखळतात. घरात आपण पापडखार, सज्जीखार म्हणतो, तेव्हा ‘खार’ या शब्दाचा अर्थ अल्क असा असतो. आयुर्वेदातील ‘क्षार’ही तोच. शाळेच्या पुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून पाण्यासोबत जे तयार होते, त्याला ‘क्षार’ म्हटले आहे. म्हणजे आजीचा खार ही अभिक्रियेतील एक बाजू आहे, आणि नातवाचा क्षार हे अभिक्रियेचे फळ आहे. या निवेदनात आपण ‘खार’ हा शब्द आजीच्या अर्थाने, आणि ‘क्षार’ हा पुस्तकाच्या अर्थाने वापरू. आम्लाशी संयोग पावून क्षार आणि पाणी देणारा कोणताही पदार्थ म्हणजे आम्लारी, आणि पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क.

‘आम्लारी’ हा शब्द घडवणाऱ्याने त्याची फोड आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू, अशी केली आहे. शब्द सुरेख आहे आणि तो सहज लक्षात राहतो. परंतु लोणारचे पाणी अल्कधर्मी झाले, ते कोणा शत्रूमुळे नव्हे. त्याची सुरुवात एका आम्लानेच होते.

[दृश्य : विवराच्या उतारावर कोसळणारा पाऊस. ओल्या बेसॉल्टचा जवळून घेतलेला देखावा.]

पाऊस पडताना हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि अत्यल्प प्रमाणात कार्बोनिक आम्ल तयार होते. म्हणूनच प्रदूषणापासून दूर पडलेल्या पावसाचा सामू (pH), म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, शुद्ध पाण्याप्रमाणे सात नसून सुमारे ५.६ असतो; सातपेक्षा कमी सामू म्हणजे आम्ल. मातीतून मुरताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात आणखी मिसळतो. हे सौम्य आम्ल बेसॉल्टमधील फेल्डस्पारसारख्या सिलिकेट खनिजांवर वर्षानुवर्षे काम करते. आम्लाचा हायड्रोजन आयन खनिजात शिरतो, आणि त्याच्या बदल्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे आयन सुटून पाण्यात येतात; खनिजाची चिकणमाती होते आणि आम्लाचा उरलेला भाग, म्हणजे बायकार्बोनेट आयन, या धातूंच्या आयनांसोबत वाहू लागतो. कातळ आम्लाला हळूहळू उदासीन करतो, असे याचे वर्णन करता येईल.

बहुतेक नद्यांमध्ये हेच घडते, परंतु नद्या आपला ऐवज समुद्राला नेऊन देतात. लोणारच्या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही. येथे आलेले पाणी उन्हाने आटते आणि विरघळलेले पदार्थ मागे राहतात. पाणी आटत जाते तसे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट तळाशी बसतात, कारण ते फारसे विद्राव्य नाहीत. सोडियमचे कार्बोनेट मात्र सहज विरघळते, म्हणून ते पाण्यातच साचत जाते. उन्हाळ्यात काठावर पांढरा पापुद्रा धरतो, तो मुख्यतः या सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा आणि मिठाचा असतो. येथून खार काढण्याचा व्यवसाय पूर्वी मोठा होता आणि त्याच्या प्रतींना पापडी, दल्ला, खप्पल, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘आइन-ए-अकबरी’त लोणारच्या वर्णनात, काच आणि साबण यांसाठी लागणारे सर्व पदार्थ या डोंगरात मिळतात, अशी नोंद आहे. ती रसायनाच्या दृष्टीने अचूक आहे, कारण वाळूत सोडा मिसळला की ती कमी तापमानाला वितळून काच होते, आणि तेल अल्कासोबत शिजवले की तेलाच्या रेणूचे तुकडे होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतात.

आज हे सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागाही आहे. त्यामुळे येथून काहीही उचलून न नेता, येथील खाराचा बाजारात मिळणारा भाऊ, म्हणजे धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), घेऊन आपण पुढचा प्रयोग करणार आहोत.

[दृश्य : टेबलावर काचेचा पेला. त्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण आणि हळदीची तांबडी झालेली पट्टी. ड्रॉपरमधून पडणारा लिंबाचा रस.]

कार्बोनेटवर आम्ल टाकले की कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो, असे आपण शिकलेले असतो. येथे मात्र लिंबाचा पहिला थेंब पडतो, दुसरा पडतो, आपण पेला ढवळत राहतो, आणि फसफसण्याचे चिन्ह नाही. पट्टीही तांबडीच आहे. पुस्तक चुकीचे नाही, आणि लिंबूही खराब नाही. थेंब टाकत राहू आणि तोवर आम्ल म्हणजे काय, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जो मोठा वळसा घेतला तो पाहू.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आंत्वान लाव्हाझिए यांनी असे मानले होते, की आम्लाचा आंबटपणा ऑक्सिजनमुळे येतो. ऑक्सिजन या नावाचा मूळ अर्थच ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा आहे. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले आणि त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही, हे मान्य करावे लागले. सर्व आम्लांत समान असलेला घटक हायड्रोजन होता. पुढे स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी आयनांची कल्पना मांडून सांगितले, की पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. १८८४ च्या त्यांच्या प्रबंधाला परीक्षकांनी जेमतेम गुण दिले होते. १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कल्पनेचा मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा उष्णतेचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, किंवा नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांची विरल द्रावणे एकत्र केली, तर दर मोल (रेणूंच्या ठरावीक संख्येचे माप) पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल एवढीच उष्णता बाहेर पडते. पदार्थ निराळे आणि उष्णता सारखी, याचे कारण एकच आहे. प्रत्येक वेळी घडणारी खरी घटना एकच असते : हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी होते. सोडियम, क्लोराइड ही मंडळी केवळ उपस्थित असतात. पाणी आटवले, की क्षाराच्या रूपाने हाती लागतात ती तीच.

तरीही धुण्याचा सोडा अऱ्हेनियस यांच्या व्याख्येत नीट बसत नाही, कारण त्याच्या रेणूसूत्रात हायड्रॉक्साइड नाहीच. ही अडचण १९२३ मध्ये कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दूर केली. जो हायड्रोजनचा आयन, म्हणजे प्रोटॉन, देतो तो आम्ल, आणि जो घेतो ती आम्लारी. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. सोड्याचे पाणी बुळबुळीत लागते आणि हळद तांबडी करते, ते या उरलेल्या हायड्रॉक्साइडमुळे. या व्याख्येत आम्ल आणि आम्लारी यांचे नाते शत्रुत्वाचे राहत नाही, ते देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे होते. एवढेच नव्हे, तर देणारा दिल्यानंतर स्वतः घेणारा होऊ शकतो. लोणारमध्ये कार्बोनिक आम्लाने आपला प्रोटॉन कातळाला दिला आणि त्या आम्लाचाच उरलेला भाग सरोवराचा खार झाला.

या देण्याघेण्यानंतर पाण्यात हायड्रोजन आयन किती आहेत, ते मोजण्याची पट्टी म्हणजे सामू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये सुचवली. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू सात असतो. लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास, आणि चुन्याच्या निवळीचा सुमारे १२.४. लोणारच्या पाण्याचा सामू अनेक अभ्यासांत दहाच्या आसपास आढळला आहे. सात आणि दहा यांत तीनचेच अंतर दिसते, पण या पट्टीवरील प्रत्येक घर दहा पटींचे आहे. शुद्ध पाण्याच्या तुलनेत सामू दहा असलेल्या पाण्यात हायड्रॉक्साइड आयन हजार पटींनी अधिक असतात. सामान्य गोड्या पाण्यातील मासे अशा पाण्यात जगत नाहीत. खार आणि मीठ पचवणारे सूक्ष्मजीव मात्र येथे भरभराटीने वाढतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले.

[दृश्य : पळसाचे झाड. राख, कापडातून गाळले जाणारे पाणी, लालबुंद तापलेले शिंपले.]

सर्व खार सारखे तीव्र नसतात, आणि हा भेद आपल्याकडे फार पूर्वी हाताळला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षार बनवण्याच्या विधीचा आहे; सुश्रुतांच्या संदर्भात ‘क्षार’ हा शब्द आयुर्वेदाच्या, म्हणजे आजीच्या खाराच्या, अर्थाने घ्यावा. पळस, मुष्कक अशा वनस्पतींची राख पाण्यात कालवून कापडातून पुन्हा पुन्हा गाळायची आणि ते पाणी आटवायचे. एवढेच केले तर मिळतो तो मृदू क्षार. परंतु चुनखडीचे खडे, शिंपले आणि शंख लालबुंद तापवून त्या पाण्यात मिसळले, तर क्षार अधिक तीव्र होतो, आणि तो लोखंडी पात्रात तोंड बंद करून ठेवावा, असे सुश्रुत सांगतात. आजच्या भाषेत, राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते, तर तापवलेल्या चुनखडीचा आणि शिंपल्यांचा कळीचा चुना होतो. दोन्ही पाण्यात एकत्र आले, की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरते, जे कार्बोनेटपेक्षा कितीतरी अधिक दाहक आहे. पात्राचे तोंड बंद ठेवण्याची सूचनाही सार्थ आहे. उघड्या हवेत हा तीव्र खार कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा मृदू होतो. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी या कृतीकडे जगाचे लक्ष वेधले होते. तिचा रासायनिक उलगडा युरोपात १७५६ मध्ये जोसेफ ब्लॅक यांनी केला : मृदू खारात अडकलेला वायू चुना ओढून घेतो, म्हणून खार तीव्र होतो.

याच अध्यायात सुश्रुत एक प्रश्न उपस्थित करतात, आणि तो मला फार आधुनिक वाटतो. क्षाराने झालेला दाह कांजीसारख्या आंबट पदार्थाने कसा शमतो, जेव्हा आम्लही उष्ण आणि तीक्ष्णच आहे? त्यांचे उत्तर असे, की क्षारात आम्लाखेरीज इतर सारे रस, म्हणजे चवी, असतात, आणि आम्लाशी संयोग झाला की तो आपला तीक्ष्णपणा सोडून देतो. आयन ठाऊक नसताना, केवळ निरीक्षणावरून, उदासिनीकरणाचे इतके स्पष्ट वर्णन येथे आले आहे.

येथे एक इशारा द्यावा लागेल. सुश्रुतांचा उपाय वैद्याच्या हातचा, बेताने लावलेल्या क्षाराचा होता; घरातील अपघाताला तो लागू नाही. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना चुना डोळ्यात उडण्याचे प्रकार लहान मुलांच्या बाबतीत वारंवार घडतात, आणि ती इजा अनेकदा आम्लाच्या इजेहून गंभीर ठरते. आम्लाने ऊतींमधील प्रथिने साकळतात आणि त्या थराने आम्लाची वाट काही अंशी अडते. अल्क मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा साबण करत खोलवर शिरत जातो. अशा वेळी लिंबू, दही, ताक यांपैकी काहीही घालू नये. पापणीआड अडकलेले चुन्याचे कण निघतील अशा रीतीने डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे सतत धुवावा, आणि लगेच रुग्णालय गाठावे. प्रयोगशाळेतही तीव्र आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडावे, आम्लात पाणी ओतू नये. निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी उसळून आम्ल अंगावर उडते.

[दृश्य : कल्हईवाल्याची भट्टी आणि भाता. तापलेल्या पितळी पातेल्यातून उठणारा पांढरा धूर.]

धातूंशी आम्लाचे कसे वागणे असते, हे कल्हईच्या भट्टीपाशी चांगले समजते. जस्ताच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की हायड्रोजन वायूचे बुडबुडे येतात, कारण जस्त आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनांना देऊन टाकते. तांबे ते सहजासहजी देत नाही. मग चिंचेने तांब्याचा तांब्या लखलखीत कसा होतो? चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावर नव्हे, तर तांब्यावर चढलेल्या ऑक्साइडच्या काळ्या थरावर काम करते. धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात आणि आम्लात विरघळतात. यातच धोकाही आहे. ताक पितळी भांड्यात राहिले तर हवेतील ऑक्सिजन तांब्याचे ऑक्साइड करत राहतो, ताकातील आम्ल ते विरघळवत राहते, आणि ताक कळकते. ते टाळण्यासाठी आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. नवसागर हा अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यापासून होणारा क्षार. तापताच त्याची फारकत होऊन आम्ल आणि आम्लारी वायुरूपात वेगळे होतात. आम्ल धातूवरील ऑक्साइड साफ करते, म्हणून कथील नीट धरते. जे आम्ल उरते ते भांड्याच्या वर थंड हवेत अमोनियाला पुन्हा भेटते, आणि आपल्याला दिसणारा पांढरा धूर हे नवसागराचेच बारीक कण असतात. उदासिनीकरण आणि त्याच्या उलट क्रिया, दोन्ही एका पातेल्यात, डोळ्यांसमोर घडतात.

धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात, या नियमाला ॲल्युमिनियम अपवाद आहे. त्याचे ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि अल्कातही, म्हणून चिंच आणि धुण्याचा सोडा या दोन्हींपासून ते जपावे लागते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तर ॲल्युमिनियममधून हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

[दृश्य : पुन्हा टेबलावरचा पेला. ड्रॉपर रिकामा होत आला आहे.]

आता पेल्याकडे परत येऊ. कार्बोनेट आयनाला दोन प्रोटॉन घेता येतात, परंतु तो ते एकामागून एक घेतो. लिंबाच्या सुरुवातीच्या थेंबांनी दिलेला प्रत्येक प्रोटॉन कार्बोनेटने घेतला आणि त्याचे बायकार्बोनेट झाले. या पायरीवर कोणताही वायू निघत नाही. कार्बोनेट शिल्लक असेपर्यंत नव्या आम्लाचा परिणाम गिळला जातो आणि सामू फारसा हलत नाही. लोणारच्या सरोवरातही दर पावसाळ्यात पावसाचे सौम्य आम्ल आणि धारेचे गोडे पाणी येऊन मिळते, आणि हाच साठा त्यांना सामावून घेतो. पेल्यातील कार्बोनेट आता संपत आले आहे. पुढचा थेंब बायकार्बोनेटला दुसरा प्रोटॉन देईल, कार्बोनिक आम्ल तयार होईल, आणि ते लगेच मोडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होईल.

थेंब पडतो. पेल्याच्या तळातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. पट्टीचा तांबडा रंग कडेकडून विटू लागतो, नारिंगी होतो, आणि आणखी काही थेंबांनंतर ती पुन्हा हळदीसारखी पिवळी दिसते.

[दृश्य : पेल्यातील पिवळी पट्टी. त्यावरून लोणारच्या काठावर वाळत ठेवलेल्या तांबड्या पट्टीवर संक्रमण. पडदा काळा.]